रिकाम्या मागाचा आवाज

शेजारचे बाबूकाका रोज सकाळी त्यांच्या कारखान्यातला एक माग दहा मिनिटं रिकामाच चालवतात. मंदीमुळे कापडाला गिऱ्हाईक नाही, सूत आणणं परवडत नाही; पण आवाज थांबला की गल्ली म्हणणार, यांचा धंदा बसला. सूत नसलेला माग कोरडा वाजतो. आमच्या गावात तो आवाज कुणालाही ओळखू येतो, पण कुणी तसं बोलून दाखवत नाही.

आज त्यांनी माग बंद केल्यावर मी पेपरातली बातमी वाचून दाखवली. लहान कारखानदारांना वर्षभर नफ्यावरचा कर माफ झाला होता. काकांनी तेलकट हात फडक्याला पुसले, चष्मा लावून बातमी स्वतः पुन्हा वाचली.

"चांगलं केलं की," ते म्हणाले. "आता नफा तेवढा व्हायला पाहिजे."

कर भरायच्या दिवसांत हेच काका चहा पिता पिता सरकारला शिव्या घालायचे. त्या शिव्यांमध्ये किती सुख होतं, ते मला आज कळलं.

तेवढ्यात समोरच्या कारखान्यात माग सुरू झाला. तोही तसाच कोरडा. काकांनी तो नीट ऐकला.

"बरं चाललंय त्याचं," ते म्हणाले.