भागाबाईची लाल-पांढरी गोधडी

तापीकाठच्या शहरात लोधीपुऱ्यातल्या सोजरबाईला एका जागी बसणं ठाऊकच नव्हतं. भाकरी तव्यावर असतानाही ती दाराशी जाऊन रस्ता बघून यायची. तिचा नवरा यादव कापसाची बैलगाडी हाकायचा. बायकोच्या या येरझारांची त्याला सवय झाली होती.

लग्नघरी बाया नवरी बघायला पुढं सरकत, ही मात्र अंथरुणं रचलेल्या खोलीत शिरे. गोधड्या उलगडून बघे, टाके बोटानं चाचपे. चिंध्याचिंध्यांच्या रंगीबेरंगी गोधड्या ती भराभर बाजूला सारी. दोनच रंगांची एखादी हाती लागली, तर तेवढ्यापुरती थबके. दोन रंगांत नजरेला पळायला जागा नसते, म्हणून असेल.

सगळ्या शहरात तिच्या मनात भरलेली गोधडी एकच. लालबाग वस्तीतल्या भागाबाईची. लाल खारव्याचं जाडं कापड आणि पांढरं मांजरपाट यांचे तिकोनी तुकडे, भागाबाईच्या सासूनं जोडलेले. जवळून नुसते तुकडे दिसत, चार पावलं मागं गेलं की तापीच्या पाण्यावरून वारा गेल्यासारखी सगळी गोधडी हलायची. उन्हाळ्यात ती वाळत पडली की सोजरबाई काहीतरी निमित्त काढून तिथं पोचायची.

"पाह्य, पण ओढू नको वं," म्हातारी भागाबाई म्हणायची. "माह्या मंगलाले द्यायची हाय."

मंगला म्हणजे तिची लेक, खंडव्याला दिलेली.

मग गाठीच्या तापाची साथ आली. घरात उंदीर मरून पडायला लागले, तशी माणसं कुलपं लावून शेतातल्या झोपड्यांत राहायला गेली. भागाबाई साथीत गेली. मंगलाला निरोप पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

सोजरबाई नदीकाठच्या झोपडीतून पाणी आणायला निघाली, तर भागाबाईचा मुलगा लीलाधर पात्रातल्या वाळूवर गाडी सोडत होता. गाडीत आईचं अंथरूण होतं. वर लाल-पांढरा काठ दिसला आणि सोजरबाई घागर खाली ठेवून पुढं झाली.

"लीलाधरभाऊ, हे बी जाळता का?"

"मागं सर बाई. तिच्याच अंगावर होती. घरात लेकरं हायेत माह्या."

 सोजरबाई एक पाऊल मागं सरली, पण गेली नाही.

"एक डाव पसरा. मी हात नाई लावत. फक्त पाहू द्या."

लीलाधर चिडला. पण मग त्यानं काठी घेतली आणि काठीनंच ती गोधडी वाळूवर पसरली. सोजरबाई तिच्याभोवती फिरली, पुन्हा फिरली. कोपऱ्यात तुकडे कसे वळलेत, मधला चौक कुठून सुरू होतो, लालाच्या टोकाला पांढरं कुठं भिडतं. लीलाधर तोंड फिरवून उभा होता.  शेवटी त्यानं काडी ओढली.

त्या दिवसापासून सोजरबाईच्या हाताला चैन पडेना. ती अंगणात राखेनं आणि गेरूनं तुकडे मांडी, पायानं पुसे, परत मांडी. मधला चौक जमायचा, कोपरा अडायचा. यादव जेवायला बसला की ती ताटाभोवती बोटानं रेघा ओढायची. "घास तरी घेऊ दे," तो म्हणायचा.

साथ ओसरली, माणसं घरी परतली. सोजरबाईनं बाजारातलं विलायती लाल कापड आणलं. पहिल्याच धुण्यात त्यानं पांढऱ्याला गुलाबी करून टाकलं. ते तिनं पोतेरं केलं आणि असीरगढला ने म्हणून ती यादवच्या मागं लागली. तिथं पंडित नावाचा म्हातारा रंगारी होता. आल नावाच्या झुडपाच्या मुळांपासून पक्का लाल रंग तोच तेवढा काढायचा.

"आल आता कोण लावतं बाई?" पंडित म्हणाला. "शेतकऱ्यानं कापूस धरला. थोडी मुळं हायेत, पण मले वेळ लागंल."

"लागू द्या," ती म्हणाली, आणि दर आठवड्याला यादवच्या गाडीत बसून गडाच्या पायथ्याशी जाऊन उभी राहू लागली. पंडितानं अखेर तिला रंगवलेलं कापड दिलं, ते तिच्या कटकटीला कंटाळून.

अडलेल्या कोपऱ्यासकट गोधडी पुरी झाली तेव्हा मंगला माहेरी आलेली होती. सोजरबाई ती खांद्यावर टाकून लालबागेत गेली आणि ओट्यावर पसरली. मंगला बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "तू तिथं होतीस. दादानं सांगितलं."

"होती."

"मी माय पाहू शकली नाई. तू तिची गोधडी जळताना पाहिली, अन् आता मले हे दाखवाले आणली?"

 सोजरबाईनं गोधडी गोळा केली आणि घरी आली. मग कितीतरी दिवस ती घडी घालायची, उलगडायची, या खुंटीवरून त्या खुंटीवर टाकायची.

दिवाळीला मंगला स्वतः लोधीपुऱ्यात आली. बसली, पाणी प्याली.

"आण ती," म्हणाली. "एक कोपरा उसव. मी शिवते."

सोजरबाईनं कोपरा उसवून दिला. मंगलाचे टाके लांब पडत होते, वाकडे जात होते. सोजरबाईचे हात शिवशिवत होते. तिनं ते पदराखाली धरून ठेवले. दोघी भागाबाईचं बोलल्या, हसल्याही. उजेड सरायच्या आत मंगलानं दोरा दातानं तोडला आणि गोधडी काखोटीला मारून निघाली.

पुढच्या उन्हाळ्यात सोजरबाईनं निळ्या-पांढऱ्या गोधडीला हात घातला. ती तिच्या मनासारखी होईना. तिनं उसवली, शिवली, पुन्हा उसवली. लोधीपुऱ्यातल्या बाया ती बघायला यायच्या आणि सुरेख झाली म्हणायच्या. सोजरबाई मात्र त्यांच्याशी बोलता बोलताच एक टाका काढू लागायची.