सिस्टरांनी आखलेला चिखल

आमच्या सिस्टरांइतकं स्वच्छ माणूस अख्ख्या नागपुरात शोधून सापडायचं नाही, आणि आमच्या संडे स्कूलच्या पोरांना वर्षातून एक दिवस चिखलात लोळवायचा विडा उचलला होता तो याच बाईनं! सिस्टर म्हणजे मठातल्या नव्हेत, इस्पितळातल्या. चाळीस वर्षं लहान मुलांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होत्या. रिटायर होऊन प्रताप नगरात राहायला आल्या, पण थिएटर काही त्यांच्या अंगातून गेलं नाही. त्यांच्याकडे चहाला गेलं की आधी हात धुवायचे, तेही कोपरापर्यंत. एकदा आमचे पाळकसाहेब त्यांच्या घरी प्रार्थनेला गेले, तर त्यांनाही बेसिनचा रस्ता दाखवला. "देव थांबते साहेब, जंतू नाही थांबत," म्हणाल्या. साहेबांनी गुपचूप बाह्या वर केल्या. फरशी पुसायच्या फडक्याला इस्त्री करणारी दुसरी बाई मी तरी अजून पाहिलेली नाही.

तर गेल्या वर्षी चर्चच्या भिंतीला नवा पांढराशुभ्र रंग लागला, आणि कमिटीच्या पोटात गोळा आला. खेळांच्या दिवशी पोरं त्या भिंतीवर चिखलाचे पंजे उमटवतात, हा दरवर्षीचा अनुभव. अध्यक्षकाका म्हणाले, "यंदा हॉलमध्ये घ्या सारं. कॅरम ठेवा, प्रश्नमंजूषा ठेवा." सिस्टर ताडकन उभ्या राहिल्या. तासभर वाद झाला आणि शेवटी अट ठरली : खेळ मैदानातच होतील, पण भिंतीवर एक जरी डाग दिसला तरी हा दिवस कायमचा बंद. "मंजूर," सिस्टर म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून हळूच, "बाबू, आपल्याले लय प्लॅनिंग करा लागन."

हे 'आपल्याले' ऐकूनच मी हादरलो. मी सहा दिवस बुटीबोरीच्या कारखान्यात राबणारा आणि रविवारी पोरांना गाणी शिकवणारा साधा माणूस. पण सिस्टरांचा नियम असा, की पोरांवर काहीही करायच्या आधी ते मोठ्या माणसावर करून पाहायचं. आणि मोठं माणूस म्हणजे मी! पहिल्या दिवशी परातभर मैदा समोर ठेवला. हात मागे बांधून, तोंड खुपसून त्यातली लिमलेटची गोळी शोधायची. स्वतः मास्क लावून वही घेऊन बसलेल्या. मी धापा टाकत वर आलो, तर विचारतात, "शिंका किती आल्या?" नऊ, म्हटलं. त्यांनी लिहिलं : मैदा रद्द, कणीक. दुसऱ्या दिवशी कणीक. शिंका चार. कणीक पास झाली, मी मात्र आठवडाभर नाकातून पोळ्या लाटत होतो.

मग संत्री आली. नरखेडच्या एका ओळखीच्या बागेतून झाडाखाली गळालेल्या संत्र्यांची दोन पोती त्यांनी मागवली. ती पायांनी तुडवून रगडा करायचा आणि त्यात पोत्यांची शर्यत लावायची, असा बेत. तुडवायचं अर्थातच मी, त्यांच्या गच्चीवर, डोक्याला प्लास्टिकची टोपी घालून. बाजूच्या गच्चीवरून शेजारीण ओरडली, "काय करून राहिल्या वं सिस्टर?" "ट्रायल!" सिस्टर म्हणाल्या. घरी गेलो तर बायकोनं दारातच नाक दाबलं. आणि चिखलाचं काय विचारता! काच नको, खडा नको, म्हणून या बाईनं माती तीनदा चाळली. कालवायला पाणी घेतलं तेही उकळून गार केलेलं. जगात निर्जंतुक चिखल फक्त आमच्या चर्चनं पाहिला असेल, मी पैजेवर सांगतो.

मैदानात चुन्याची रेघ मारली. रेघेच्या अलीकडे घाण बाजू, पलीकडे स्वच्छ बाजू, मध्ये पाय धुवायचे तीन टब. भिंतीवर ताडपत्री. आणि तीन रविवार पोरांची तालीम : पाय धुतल्याशिवाय रेघ ओलांडायची नाही, ढकलायचं नाही, भिंतीकडे बघायचंसुद्धा नाही. डोळे वटारून सांगितलं होतं त्यांनी.

दिवस उजाडला आणि अहो, काय सांगू! पोरं इतकी शहाण्यासारखी खेळली, की मला रडू यायचं बाकी राहिलं. एका मुलीनं गळ्याभोवती रुमाल बांधून कणकेत फक्त नाकाचा शेंडा बुडवला. चिखलात पोरं टाचांवर चालली, "तू आधी जा" "नाही, तू आधी" करत. एकानं हाताला चिखल लागला म्हणून खेळ सोडून टब गाठला. भिंतीवर पहारा ठेवून बसलेले अध्यक्षकाका खूश. "वा सिस्टर! असा शिस्तीतला खेळ पाहिला नव्हता," म्हणाले.

सिस्टरांचा चेहरा मात्र उतरत चालला होता. मी जवळ जाऊन म्हटलं, "सिस्टर, जिंकलो आपण."

"काय जिंकलो गा?" त्या पोरांकडे बघतच म्हणाल्या. "चाळीस वर्षं लेकरं पाह्यली बाबू, धुतलेली, पुसलेली, टेबलावर निजलेली. एक हलत नव्हतं. मले वर्षातून एक दिवस मळलेली, बोंबलत पळणारी पोरं पाहाची होती. अन् मीच त्यायले पुन्हा टेबलावर निजवलं."

त्यांनी चपला काढल्या, बाजूबाजूला नीट ठेवल्या, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीनिशी रेघ ओलांडली आणि चिखलात सरळ बसकण मारली. पोरं डोळे फाडून बघायला लागली. सिस्टरांनी मूठभर चिखल उचलला आणि माझ्या छातीवर फेकून मारला. "काहून पाहून राहिले रे पोट्टेहो? या!"

पुढचं काय सांगावं! पोरं तुटूनच पडली. संत्र्यांचा रगडा हवेतून उडायला लागला, कणकेच्या पराती उलट्या झाल्या. पाळकसाहेब अडवायला म्हणून गेले ते तिकडलेच झाले. ताडपत्रीची दोरी कधी सुटली ते कळलंच नाही, पण ती भिंत कधी पांढरी होती हे कोणाला सांगून पटलं नसतं.

पुढच्या रविवारी कमिटीसमोर सिस्टर उभ्या राहिल्या. "शब्द म्या मोडला. दिवस बंद करा, माही तक्रार नाही." अध्यक्षकाकांनी बराच वेळ घसा खाकरला. "भिंतीचं पाहू नंतर," म्हणाले, "आधी मले सांगा सिस्टर, कानात गेलेलं संत्रं काढाचं कसं?" सारा हॉल हसला, आणि अट तिथंच बारगळली.

त्यानंतर दोन महिन्यांनी मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. नवव्या मजल्यावर राहतात. यंदाचा खेळ मी आखला, म्हणजे काहीच आखलं नाही. दुपारी चिखलानं माखल्या हातानंच मी त्यांना फोन लावला.

"पोरं मळली?"

"मळली सिस्टर. आयांना आपापलं पोर ओळखू येत नाही."

"आवाज ऐकव न बाबू."

मी फोन मैदानाकडे धरला. पोरं बेंबीच्या देठापासून किंचाळत होती, एकमेकांमागे पळत होती, कोणी कोणाचं ऐकत नव्हतं. बऱ्याच वेळानं मी फोन कानाला लावून "सिस्टर?" म्हटलं. पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. मी फोन पुन्हा मैदानाकडे धरला. हात भरून आला होता, पण खाली घ्यायला जीव होईना.