दिलेली पाळी

सुदाम येळवंडे यांचे गेल्या जानेवारीत, एका सोमवारी सकाळी, चाकणजवळच्या वाडीतील राहत्या घरी हृदयविकाराने निधन झाले. ते बासष्ट वर्षांचे होते. फुटबॉल लीगच्या खेळाडू निवडीला तेव्हा आठवडाही उरला नव्हता. त्यांच्या मागे पत्नी सुमन आणि मुलगा अक्षय आहेत.

वाडीत आणि मैदानावर त्यांना सगळे अण्णा म्हणत. चाकण पट्ट्यातील कारखानदारांनी मिळून ही लीग सुरू केली, तेव्हा संघ घेणाऱ्यांत कारखाना नसलेले ते एकटेच होते. जमीन कंपनीला गेल्यावर त्यांनी कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधल्या. त्या खोल्यांमागच्या मोकळ्या जागेत परभणी, बीड, सांगलीकडची मुले शिफ्ट संपली की फुटबॉल खेळत. अण्णांचा संघ तिथे तयार झाला. ते स्वतः कधी खेळले नव्हते.

वार्ताहर म्हणून माझी त्यांची पहिली भेट लीगच्या पहिल्या खेळाडू निवडीला झाली. कार्यक्रम संत तुकाराम नगरमधील एका सभागृहात होता. लीगमध्ये खेळाडूंवर बोली लागत नाही. संघ आळीपाळीने एकेक खेळाडू निवडतात आणि गेल्या वर्षी तळाला राहिलेल्याला पहिली संधी मिळते. ही संधी संघांना आपसात बदलता येते, पुढच्या वर्षाचीही आजच देऊन टाकता येते. हे सगळे सांगून झाल्यावर निवेदकाने माईकवरून विचारले, "अण्णा, यंदाचा पिक ठेवणार का विकणार?"

पांढरा सदरा-पायजमा आणि टोपी घालून अण्णा पहिल्या रांगेत बसले होते. ते म्हणाले, "पीक कशाचं? रान तर समदं कंपनीत गेलं."

सभागृह हसले. पिक म्हणजे खेळाडू निवडायची संधी, हे शेजारच्याने त्यांना कानात सांगितले.

"मग पाळी म्हना की राव. पाळी आमाला कळती."

त्या दिवसापासून लीगमध्ये पिक हा शब्द मागे पडला. निवेदकही पाळीच म्हणू लागला.

अण्णांची पाळी विहिरीवरची होती. येळवंडे भावकीची एकच विहीर होती आणि तिचे पाणी घराघरांत वाटलेले होते. कुणाच्या घरी लग्न असले की तो आपली पाळी दुसऱ्याला देई, कुणाचा कांदा सुकायला लागला की तो दुसऱ्याची मागून घेई. हा व्यवहार दोन घरांचे कर्ते बांधावर उभे राहून करत. बाकी घराला तो मोटर चालू करायला गेल्यावर कळे. अण्णांनी हे तरुणपणापासून केलेले होते, आणि लीगमध्येही ते तेच करू लागले.

पहिली पाळी हाती आली की ते ती देऊन टाकत आणि मधल्या दोन घेत. प्रशिक्षक जाधव सर मूळचे कोल्हापूरचे. त्यांना हे पटत नसे. अण्णा त्यांना सांगत, "सर, पहिल्या पाळीचं पानी कोरडा पाटच पितो. रानात काय पोचत न्हाई." हे धोरण नेहमी जमले असे नाही. एका वर्षी पुढच्या हंगामाची पाळीसुद्धा देऊन त्यांनी एक स्ट्रायकर घेतला. महिनाभरात त्याला आखातात नोकरी लागली.

"अण्णा, तुमचं पाणी थेट दुबईला गेलं बघा," जाधव सर म्हणाले.

"जाऊ द्या. कुनाचं तरी रान भिजंल."

अक्षय संघात डाव्या बगलेवर खेळे. वाडीतला तो एकटाच. बाकी सगळे खोल्यांमधले भाडेकरू. अण्णांनी लोकांसमोर त्याचे कधी कौतुक केले नाही. सामना संपल्यावर कुणी अक्षय चांगला खेळला असे म्हटले, तर ते "कोन, आमचं येडं व्हय?" एवढेच म्हणत आणि विषय बदलत. सुमनकाकूंच्या सांगण्यानुसार, घरी मात्र ते जेवताना त्याच्या प्रत्येक पासबद्दल विचारत आणि त्याला पोटभर जेवू देत नसत.

दोन वर्षांपूर्वी संघाला वरच्या गटात जाण्याची संधी होती. वरच्या गटातील खेळाडूंना वर्षभराचा करार मिळतो, कंपनीतली नोकरी सोडून नुसते खेळता येते. खोल्यांमधल्या मुलांना तेच हवे होते. कमतरता गोलकीपरची होती. परभणीचा बालाजी त्या वर्षी निवडीसाठी होता आणि पहिली पाळी असलेला संघ त्यालाच घेणार, हे सगळ्यांना माहीत होते. पहिली पाळी तळेगावच्या संघाकडे होती. तळेगावचे मालक ओसवालशेठ आणि अण्णा सभागृहाबाहेर चहाच्या टपरीवर भेटले. जाधव सर तिथे होते. पुढचे बोलणे त्यांनी सांगितलेले आहे.

"शेठ, पाळीला पाळी घ्या."

"तुमच्याकडे पाळ्या राहिल्यात कुठे, अण्णा? अक्षयला द्या. बालाजी तुमचा."

अण्णांनी चहा संपवला, ग्लास खाली ठेवला. "घ्या," म्हणाले.

अक्षय त्या वेळी आत सभागृहात मुलांबरोबर बसला होता. आपण तळेगावला गेलो हे त्याला निवेदकाच्या तोंडून कळले. मुलांना वाटले, थट्टा आहे. अक्षय उठून बाहेर आला.

"अण्णा, मला विचारलं न्हाई तुमी."

"पाळी बदलताना पान्याला इचारत्यात व्हय रं?"

"मी पानी हाय का?"

अक्षयने त्याच आठवड्यात तळेगावात खोली घेतली. दिवाळीला तो घरी आला, जेवला, आईशी बोलला आणि रात्री मुक्काम न करता परत गेला.

बालाजीने तो हंगाम गाजवला. शेवटच्या सामन्यात त्याने पेनल्टी अडवली आणि संघ वरच्या गटात गेला. मुले अण्णांना खांद्यावर घ्यायला धावली, तर ते सीमारेषेवर नव्हते. वार्ताहरांच्या टेबलाशी उभे होते. तळेगावचा सामना त्याच वेळी दुसऱ्या मैदानावर चालू होता. त्यांनी मला विचारले, "तिकडं काय झालं?" तळेगाव हरल्याचे मी सांगितले. "डावीकडं कोन खेळलं?" डावीकडे अक्षय खेळला नव्हता; त्याला बसवून ठेवले होते. अण्णांनी मान हलवली आणि मुलांकडे गेले.

त्यानंतर अक्षयने खेळणे सोडले. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या यंत्रावर, तो कामाला लागला. लीगच्या नियमाप्रमाणे खेळाडू म्हणून तो तळेगावच्या संघाकडेच राहिला.

गेल्या डिसेंबरात अण्णा पुन्हा ओसवालशेठकडे गेले. यंदाच्या सगळ्या पाळ्या आणि पुढच्या वर्षाच्याही सगळ्या, अशा त्यांनी अक्षयच्या बदल्यात देऊ केल्या आणि शेठ तयार झाले. जाधव सरांनी विरोध केला. "अण्णा, जो पोरगा बूट घालत नाही त्याच्यासाठी आख्खी विहीर देताय. एक तरी पाळी ठेवा."

"सर, ह्या येळंला मला काय सांगू नका."

अदलाबदल नोंदवायला ते लीगच्या सचिवांकडे गेले तेव्हा त्यांनी एक अट घातली. अक्षयने सही केली तरच त्याचे नाव संघात धरायचे; पाळ्या मात्र दिलेल्याच राहतील. सचिव म्हणाले, तसा नियम नाही. खेळाडूला विचारायची पद्धतच नाही.

"मग करा नियम," अण्णा म्हणाले. "पोरास्नी इचारल्याबिगर पाळी बदलायची न्हाई."

लीगच्या समितीने बैठक घेतली आणि नियम केला. तो आता सर्व संघांना लागू आहे.

जानेवारीत, निधनाच्या दोन दिवस आधी, शनिवारी दुपारी अण्णा मोटारसायकलने तळेगावला गेले. पहिली शिफ्ट सुटण्याच्या वेळी ते कंपनीच्या गेटवर उभे होते. तिथे काय झाले हे अक्षयने नंतर सांगितले.

"मला वाटलं, आई आजारी हाय. तर म्हनले, तसं काय न्हाई. तुला इचारायला आलोय. येतोस का परत खेळायला? मी म्हनलो, बघतो. म्हनले, बरं, बघ. काय घाई न्हाई."

बघतो म्हणजे काय, हे अण्णांनी विचारले नाही. दोघांनी गेटसमोर वडापाव खाल्ला. अण्णा अंधार पडायच्या आत घरी पोचले. सुमनकाकूंना त्यांनी सांगितले, "बघतो म्हनलाय. न्हाई म्हनला न्हाई." रविवारी त्यांनी अक्षयची खोली झाडून घेतली. सोमवारी सकाळी ते गेले.

खेळाडू निवड ठरल्या दिवशीच झाली. अण्णांच्या संघाचे नाव पुकारले की जाधव सर प्रत्येक वेळी उभे राहत आणि "दिलेली आहे" म्हणून खाली बसत. शेवटी सचिवांनी अक्षयचे नाव वाचले. सही बाकी आहे आणि सुतक असल्याने मुदत वाढवली आहे, असे त्यांनी जाहीर केले.

तेरावा झाल्यावर अक्षय कामावर परतला. मुदतीच्या दिवशी जाधव सर कागद घेऊन कंपनीच्या गेटवर गेले. अक्षयने कागद वाचला आणि पेन घेतले.

"सर," तो म्हणाला, "येतो म्हनून आता सांगू कुनाला?"

जाधव सरांनी त्याला पुन्हा विचारले नाही. अक्षयने कागद आणि पेन परत दिले. कागदावर सही झालेली नव्हती. पुढच्या रविवारी लीगचे सामने सुरू झाले.