लाइट गेली की?

कुठलीही वस्तू दाखवा, ते आधी तिची वायर धरायचे, प्लगपर्यंत बोटं सरकवत न्यायचे आणि विचारायचे, "हां. आणि लाइट गेली की?"

तुमच्याही बिल्डिंगमध्ये असा एखादा असेलच. आमच्या खालच्या मजल्यावर होता. जन्मभर जहाजांवर इंजिनं सांभाळून रत्नागिरीत परतलेला आणि माझ्या हौशीवर टपून बसलेला. मी त्यांना काका म्हणायचो ते निव्वळ वळण म्हणून. मनातून मला हा माणूस डोळ्यांसमोर नको असे.

मला हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी करायची होती. सहा फूट लांब, आत प्रवाळ आणि नारिंगी-पांढऱ्या क्लाउन माशांची जोडी. काच वर चढवताना काकांनी हमालांना जिन्यातच अडवलं.

"जहाजात पाणी बाहेर ठेवायला माणसं पगार घेतात. तू शिंच्या आत आणतोयस? तेही माझ्या डोक्यावर?"

"तुळईवर ठेवतोय, काका. इंजिनियरला विचारलंय."

"तो राहतो काय खाली?"

तेव्हापासून माझी प्रत्येक खरेदी त्यांनी तपासली. बोलावलं होतं कोणी? पण कुरियरवाला वर आला की मागोमाग ह्यांच्या चपला वाजायच्या. मिरजोळ्याहून लोखंडी स्टँड वेल्डिंग करून आणला, तर म्हणे, "खारं पाणी वर्षात खाईल. परत ने." नेला. पाण्यातली घाण फेसाबरोबर काढून टाकणारं स्किमर आणलं, तर म्हणे गिरणी लावलीस काय घरात! मिठाची पाकिटं पाहून तर ते हॉलमध्ये उभे राहून हसले. "मांडवीला समुद्र फुकट पडलाय आणि हा पाकिटातून मागवतो!" मी इरेला पेटून कॅन भरभरून समुद्राचं पाणी आणलं. त्यांनी बोट बुडवून हुंगलं. "बोटींचं डिझेल आहे ह्यात. ओत मोरीत."

माझं डोकं फिरलं ते पंपावर. छान, बिनआवाजाचा पंप मागवला होता. त्यांनी वायर धरली.

"लाइट गेली की?"

"गेली की येईल!" मी ओरडलो. "मासे माझे, घर माझं. तुम्हांला काय करायचंय?"

ओरडण्यानं बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. काकांनी वायर खाली ठेवली. मग म्हणाले, "पाणी हललं नाही तर त्यातली हवा संपते. मासे पाण्यात गुदमरतात. समजलास?" आणि चपला फटकारत खाली गेले.

शेवटी मी दोन मोठ्या बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर घेतला. त्यांचं तोंड बंद व्हावं, एवढ्याचसाठी. त्यांनी बॅटरीवर टिचकी मारली आणि "हं" म्हणाले. दोन वर्षांत कौतुक काय ते एवढंच. माशांकडे तर त्यांनी कधी मान वळवून पाहिलं नाही.

मग एका वैशाखात वादळी वारा सुटला, झाडं पडली आणि सकाळीच लाइट गेली. माझा पंप इन्व्हर्टरवर चालू होता. दुपारी दार वाजलं. दारात काका, हातात वायरचं भेंडोळं.

"आता काय?" मी खेकसलो.

"माझा इन्व्हर्टर बसला," ते म्हणाले. "हिचं ऑक्सिजनचं मशीन आहे. सिलिंडरची गाडी हातखंब्याला अडकलीय." भेंडोळं पुढे करत म्हणाले, "दोन्ही चालवलंस तर बॅटरी टिकायची नाही."

काकू आजारी असतात एवढं मला ठाऊक होतं. काय आजार, हे मी कधी विचारलंच नव्हतं. सांगायलाही लाज वाटते.

पंपाचा प्लग मीच उपटला. गॅलरीतून वायर खाली सोडली आणि धावत त्यांच्या घरात गेलो. काकूंची खाट बरोबर माझ्या टाकीखाली होती. नाकात नळी, ओठ निळसर. मशीन घरघरायला लागलं तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

वर आलो तर काका माझ्या टाकीपाशी स्टुलावर उभे. हातात त्यांच्या घरचा स्टीलचा तांब्या, काकूंचं नाव कोरलेला. तो टाकीत बुडवायचा, उंच न्यायचा आणि वरून धार सोडायची.

"बघतोस काय मेल्या? दुसरा आण. पितळेचा नको, मासे मरतील. आणि उंचावरून सोड, हवा मिसळली पाहिजे!"

तिन्हीसांजेला लाइट येईपर्यंत आम्ही दोघं तेच करत होतो. मधूनच ते खाली जाऊन काकूंना बघून यायचे आणि आल्या आल्या माझा हात कसा चुकतो ते सांगायचे. माझे खांदे भरून आले, त्यांचं वय तर सत्तरीपुढचं. जोडीतला एक मासा गेलाच. तो इन्व्हर्टर त्यांनी मला माशांसाठी घ्यायला लावला की काकूंसाठी, हा संशय मला त्याच दुपारी आला. अजून आहे. पण विचारलं नाही.

पुढच्या वर्षी काकू गेल्या. महिन्याभरात काकांनी घर बंद करून पुण्याला मुलीकडे जायचं ठरवलं. रिक्षा खाली उभी असताना त्यांनी माझं दार वाजवलं. तो तांब्या माझ्याकडेच राहिला होता. त्यासाठीच आले असणार, म्हणून मी तो पुसून पुढे केला. त्यांनी कोरलेल्या नावावरून अंगठा फिरवला आणि तांब्या परत माझ्या हातात दिला.

"अहो काका, काकूंचं नाव आहे त्यावर. न्या ना."

ते चिडले. तस्सेच, पहिल्यासारखे.

"आणि लाइट गेली की?" म्हणाले, आणि जिना उतरून गेले.