हेमाताईंची वीस मिनिटं

मंगळवार, सकाळचे अकरा वाजून पाच मिनिटं. अडकलेले फोटो चार हजार एकशे शहाऐंशी. बोईसरच्या ऑफिसात हजर दोघं, मी आणि दांडी गावच्या हेमाताई. टेबलावर त्यांचा फोन, दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेला.

माझं काम असं. आमच्या कंपनीच्या ऑनलाइन नकाशावर रस्त्यांचे फोटो लोकच टाकतात. गाडीच्या हँडलला फोन लावायचा, अ‍ॅप सुरू करायचं आणि निघायचं. अ‍ॅप आपोआप फोटो काढत जातं. नंतर वाय-फाय मिळालं की ते फोटो आमच्या सर्व्हरवर चढतात. हे अपलोड. पालघर ते तारापूर या पट्ट्यात असे अकरा जण फोटो देतात, आणि कुठे काही अडलं की मला फोन करतात. या नोकरीआधी एकोणीस वर्षं मी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये होतो. त्यामुळे कोणतंही काम करताना वेळ लिहून ठेवतो.

हेमाताई स्कूटरवरून दांडीची मासळी बोईसरला आणतात. मागच्या महिन्यात त्यांनी मोठ्या रस्त्याचे फोटो दिले, ते सगळे नीट चढले. मग त्यांनी गावातल्या आळ्या घेतल्या. या आळ्या नकाशावर नसल्यामुळे पार्सलवाले नाक्यावरच थांबतात आणि हेमाताईंच्या सासूबाईंना काठी टेकत तिथवर जावं लागतं. दोन आठवडे हेमाताई आळी न् आळी फिरल्या. त्यातला एकही फोटो चढला नाही.

आता फोन भरला होता. रोज सकाळी गिऱ्हाइकांना मासळीचे फोटो पाठवायला पुरेशी जागा उरली नव्हती.

"भाऊ, आज गेले नाय तर मी सगळे उडवनार," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक पापलेट बघून पैसे देतं, रस्ता बघून नाय."

फोटो फक्त त्या फोनमध्येच होते. उडवले की दोन आठवडे गेले.

मी सुरुवात केली. ११.०५, ऑफिसचं वाय-फाय जोडलं. शून्य. ११.११, बॅटरी सेव्हर बंद केला, कारण तो मागे चालणारी कामं थांबवतो. शून्य. ११.१७, फोन बंद करून चालू केला. शून्य. व्हॉट्सअ‍ॅप मात्र उत्तम चालत होतं. तारीख-वेळ बरोबर आहे का, हे मी दोन दिवसांपूर्वी फोनवर विचारलं होतं. एकदम बरोबर हाय, असं उत्तर आलं होतं, आणि मी त्यापुढे बरोबरची खूण केली होती.

पुण्याच्या श्वेता मॅडमना फोन लावला. त्या माझ्या बॉस, वयाने माझ्या निम्म्या.

"काका, अ‍ॅप काढून परत टाका."

"मॅडम, अ‍ॅप काढलं तर त्यातले फोटोही जातील."

"हो का? मग नका काढू. स्क्रीनशॉट पाठवा."

स्क्रीनशॉट काढला आणि सवयीप्रमाणे वहीत वेळ लिहिली, ११.२४. पाठवण्याआधी नजर चित्राच्या कोपऱ्यावर गेली. तिथे ११.४४ होते. मी आधी स्वतःवर शंका घेतली. मनगटावरचं घड्याळ पाहिलं, भिंतीवरचं पाहिलं, कॉम्प्युटरवरचं पाहिलं. तिघांचं एकमत होतं.

"ताई, तुमचा फोन वीस मिनिटं पुढे आहे."

"हाय ना. मीच लावलाय."

"मी विचारलं तेव्हा तुम्ही बरोबर आहे म्हणालात."

"बरोबरच हाय. वीस म्हंजे वीस. एक मिनिट इकडंतिकडं असलं तर सांगा."

मग कळलं. पहाटे किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो. उशीर झाला की चांगला माल दुसरी घेऊन जाते. म्हणून हेमाताई घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवायच्या. पण वर्षभरात मनाला त्याची सवय झाली आणि त्या झोपेतच दहा वजा करून कूस बदलू लागल्या. म्हणून दोन आठवड्यांपूर्वी त्यांनी वीस केली.

आमचा सर्व्हर फोटो घेण्याआधी फोनचं घड्याळ बघतो. पंधरा मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेतो. त्यापुढे, पुढच्या तारखेचा चेक बँक परत करते, तसा परत पाठवतो. दहा खपली होती. वीस अडकली.

११.३१ला घड्याळ नेटवर्कच्या वेळेवर टाकलं. ११.३२ला पहिला फोटो चढला. हेमाताई बाजारात गेल्या आणि फोन माझ्याकडे राहिला. त्यावर गिऱ्हाइकांचे सात कॉल आले. मी दोन जोड्या पापलेट आणि अर्धा किलो कोळंबीची ऑर्डर लिहून घेतली. २.४०ला बाकी शून्य.

श्वेता मॅडमना कळवलं. त्या बराच वेळ हसल्या आणि त्यांनी कारणाच्या रकान्यात काय लिहू, असं विचारलं. लिलाव लिहा, म्हटलं. तेव्हापासून मी कोणालाही वेळ बरोबर आहे का, असं विचारत नाही. आत्ता किती वाजलेत, असं विचारतो. परवा उमरोळीच्या एकाने उलट विचारलं, "खरे सांगू, का फोनातले?"

त्याच दुपारी हेमाताई फोन न्यायला आल्या. फोटो चढल्याचा आनंद त्यांना झाला, पण उद्याच्या लिलावाचं काय, हा प्रश्न होताच. फोन बरोबर ठेवला तर पापलेट जाणार, पुढे ठेवला तर नवे फोटो अडकणार. मी खाली उतरून एक गजराचं घड्याळ आणलं.

"किती पुढे लावू?"

"काय ते लावा. पन मना सांगू नका. कळलं की मी वजा करनार."

त्यांच्याकडे पाठ करून लावलं. घड्याळाचे एकशे ऐंशी रुपये खालच्या दुकानदाराला मी माझ्या खिशातून दिले. मिनिटांचा आकडा इथे देत नाही. हेमाताई वाचतील.