शालनच्या आईचा टाक

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. देवालासुद्धा नाही — त्याला कुठल्या तोंडानं सांगू, त्याच्याच देव्हाऱ्यातून तर उचललं. तुला सांगते. पण मधे बोलू नकोस हं, नाहीतर माझा धीर सुटेल.

मी दुसरेपणावर दिलेली. यांची पहिली बायको गेली तेव्हा शालन जेमतेम चालायला लागली होती. पोरीकडे आईचा फोटो नाही, काही नाही. आईच्या पायांतली जोडवी तेवढी होती. तीच आटवून यांनी टाक करून घेतला — चांदीचा एवढासा पत्रा, त्यावर उठवलेली बाई. तो देव्हाऱ्यात बसवला. आणि पूजा कोणी करायची? सवतीनं! म्हणजे मी. नवं लुगडं आलं की आधी तिच्यापुढे ठेवायचं, मग मी नेसायचं. गोडधोड केलं की आधी तिला. अविधवा नवमीला तिच्या नावानं सवाष्ण जेवायला. रीतच ती. मी केली, कुरकुर न करता केली. मला मूल झालं नाही, शालनलाच पोटची म्हणून वाढवलं, हेही कोणी नाकारणार नाही.

मग हे गेले. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते ते. गिरगावात आज सभा, उद्या हरताळ. शालन दादरला दिलेली. ती म्हणाली, माई, एकटी कशाला राहतेस, आमच्याकडे ये. पण दोन खोल्यांचा संसार तिच्या घरात मावणार कुठे? म्हणून विकायला काढला. तांब्याचा बंब, पितळी हंडे, सासूबाईंचा शिसवी पलंग, यांची आरामखुर्ची. हंड्यावर घातलेलं यांचं नाव भांडीवाला अंगठ्यानं चाचपत होता, तेव्हा मी तोंड फिरवलं. पण रडले नाही. आवराआवर करून परत जाताना शालन दारात थांबली आणि म्हणाली, "बाकीचं काय वाट्टेल ते वीक, माई. तेवढा आईचा टाक जपून आण."

जपून! मला सांगते? जन्मभर जिनं तो चिंचेनं घासला, तिला?

पण तेवढंच नव्हतं. खरं सांगायचं तर — थांब, सांगते. हे गेले तेव्हा माझं कपाळ पुसलं, बांगड्या फुटल्या, जोडवी उतरवली. आणि त्यानंतरही रोज सकाळी मी याच बोटानं तिला कुंकू लावत होते. ती अहेव गेली, ती अहेवच राहणार. यांच्या सगळ्या दुखण्यात उशाशी बसले मी, आणि सवाष्ण कोण? तर ती. असा संताप यायचा बाई!

दुसऱ्या दिवशी टाक पदराला बांधला आणि सोनाराकडे गेले. ओळखीच्या नव्हे, लांबच्या गल्लीतल्या. त्यानं तो उलटासुलटा करून बघितला. "पूजेतला दिसतो, बाई. मोडीत घालायचा? घरात पूजा करणारं कोणी नाही?"

"कोणी उरलं नाही," मी म्हणाले.

शालन जिवंत होती, माझ्या वाटेकडे डोळे लावून बसली होती, आणि मी म्हणाले कोणी उरलं नाही. मला पैशांची गरज होती का? अजिबात नव्हती. तो तिथे टाकून घरी आले असते तरी एक वेळ — पण मी थांबले. म्हटलं, माझ्यासमोर आटव. मुशीत आधी कडा खचली, मग तोंड गेलं. मी बघत होते. आणि मला बरं वाटलं. हे सांगायचं होतं तुला. मोडल्याचं नव्हे, बरं वाटल्याचं.

घरी येऊन देव्हाऱ्यातली रिकामी जागा बघितली तेव्हा भानावर आले. शालन मला न्यायला येणार होती. दुसरा टाक आणायला तशीच बाहेर पडले, तर हरताळ. दुकानांना फळ्या, नाक्यावर पोलीस, पोरं घोषणा देत पळताहेत. शालनही तिकडे अडकली. चाळीतले लोक म्हणत होते, लवकर निवळू दे. आणि मी? मी मनात म्हणत होते, चालू दे. गोळ्या सुटल्या तरी चालू दे, पण ती इतक्यात नको यायला. लोकांच्या पोरांवर बंदुका रोखलेल्या, आणि मी हे मागत होते.

दुकानं उघडली तसा तयार टाक आणला, बाईचाच. नवा कोरा, नाकीडोळी नीटस. जुन्याचं नाक माझ्याच हातानं घासून घासून झिजलेलं होतं. मग राखेनं, चिंचेनं, शेवटी मोरीच्या दगडावर घासून याचंही नाक झिजवलं.

शालन आली. टाक डोळ्यांना लावून रडली. म्हणाली, "आईचं नाक माझ्यासारखंच बसकं आहे, नाही गं माई?"

मी हो म्हटलं.

तेव्हापासून मी दादरला, तिच्याच घरी. आता शालनचेही केस पिकले. तिच्या मुलीच्या लग्नातला शालू आधी त्या टाकापुढे ठेवला. नातवंडं त्याच्या पाया पडतात. आणि लोक म्हणतात, माईंनी सवतीला काय जपलं हो! किती वेळा सांगायला तोंड उघडलं. शालन तापानं फणफणली होती, टाक उशाशी घेऊन झोपली होती, तेव्हाही उघडलं — आणि मिटलं. सांगून तरी काय होणार? ती जोडवी गेली. कोणाच्या पैंजणात गेली असतील, कोणाच्या वाटीत. तिला परत काय देऊ मी?

परवा शालन माझ्या पायांना तेल चोळत होती. बोटं चोळता चोळता म्हणाली, "माई, बाबा गेले तेव्हा उतरवलेली तुझी जोडवी मी ठेवली आहेत. तुझाही टाक करीन. आईच्या शेजारी बसवीन तुला."

मी बरं म्हटलं. तिनं दुसरा पाय मांडीवर घेतला.