पाला उडवला अन् कापसात घातला

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, नाहीतर मध्येच हसाल अन् माझी गोष्ट अडकेल. माझ्या हातून जे झालं ते आमच्या पांढरकवड्याच्या बाजूला अजून कोणाच्या हातून झालेलं नाही. मी विचारून पाहिलंय!

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. 'थांबू, वाढंल' म्हणता म्हणता फाल्गुन लागला, तरी सारा कापूस आमच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, पार आढ्याला टेकलेला. घरात कापूस साठवला की अंगाला कशी खाज सुटते, ते ज्याच्या घरी असतो त्यालाच माहीत. आम्ही मोठी माणसं खाजवून घेतो. पण माझी चिऊ नऊ महिन्यांची! तिच्या मानेवर, पोटावर लाल लाल पुरळ. मी तर धसकाच घेतला.

तशी मी कशाचाही धसका घेते, खोटं कशाला बोलू? चिऊ शिंकली की मी गावातल्या आरोग्याचं पाहणाऱ्या आशाताईंच्या दारात. चिऊ दिवसभर शिंकली नाही, तर 'आज काहून शिंकली नाही?' म्हणून पुन्हा आशाताईंच्या दारात. शेवटी शेवटी तर त्या मला लांबून पाहिलं की गल्लीच बदलायच्या.

तर मी यांच्या मागं लागले. "हा कापूस घरातून काढा. भाव गेला खड्ड्यात, पोरीचं अंग पाहा!" महिनाभर टुमणं लावलं, तेव्हा कुठं व्यापाऱ्याची गाडी ठरली. मंगळवारी सकाळी येणार.

हे म्हणाले, "पाह्य बरं, तो माणूस लय बारीक पाह्यते. कापसात पत्ती दिसली का गाडी रिकामी वापस. मंग बसा सारे खाजवत पावसाळ्यापर्यंत."

पत्ती म्हणजे वाळल्या पानांचा चुरा. पण आम्हाला कसली भीती? आमचा कापूस दुधासारखा! आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, स्वतः बोंडाबोंडातून निवडून वेचलेला.

आता अंगणाचं ऐका. अंगणात आमच्या कडुनिंबाचं झाड. फाल्गुनात ते असं गळतं, की झाडून पाठ फिरवली तर मागं पुन्हा पिवळं अंगण. चिऊ रांगायला लागलेली, दिसलं पान की तोंडात. अन् पानांखाली विंचू असला तर?

आत्याबाई रोज सकाळी दाताळं घेऊन पाला ओढायच्या. लांब दांडा, पुढं लोखंडी दात. खर्र... खर्र... कुंपणापलीकडे शेजारच्या शेवंताकाकू उभ्या. एक ओढ इकडं, एक गोष्ट तिकडं. तासाभरात पाल्याचा ढीगही गोळा अन् गावाची खबरबातही गोळा. पण मला काय दिसायचं? धूळ! "आत्याबाई, हळू ओढा ना, चिऊच्या नाकात जाईल."

"आता पाल्याले काय हात जोडून म्हणू का, चाल बाबा म्हणून?" आत्याबाई म्हणायच्या.

माझा मोठा भाऊ हायवेवरच्या एका मंगल कार्यालयात कामाला. तिथं एका लग्नात मी ते यंत्र पाहिलं होतं. पाठीवर पेटी, हातात सोंड, अन् सोंडेतून वारा. फवारणीच्या पंपासारखंच दिसतं, पण औषध नाही, नुसता वारा. दादा हिरवळीवरून सोंड फिरवत होता अन् पानं कशी शहाण्या लेकरांसारखी पुढं पुढं पळत होती. माझ्या मनात तेव्हापासून तेच. लागले दादाच्या मागं. मागं लागण्यात माझा हात कोणी धरणार नाही, हे एव्हाना तुम्हाला कळलंच असेल.

सोमवारी सकाळी दादा यंत्र घेऊन आला. दोरी ओढून दाखवली. म्हणाला, "बाई, घराकडं तोंड करून मारू नको. कोपऱ्यातल्या भिताडाकडं ने पाला. मी दुपारी येतो न्यायले."

"हाव रे, मले काय समजत नाही का? सातवी पास हावो मी!"

आत्याबाई दाताळं घेऊन बाजूला उभ्याच. "पोरी, तासाभराचं काम हाय. कायले हे भूत आणलं?"

"तुमच्या कमरेसाठी आणलं, आत्याबाई."

"माही कंबर तुले कधी काही बोलली का?"

मी ऐकतेय कुठं? आधी सगळी तयारी केली. चिऊचा पाळणा उचलून अंगणाच्या पार टोकाला, भिंतीच्या कोपऱ्यात नेला, घरातल्या कापसापासून लांब. सपरीतल्या कापसावरची ताडपत्री काढून ठेवली. का? तर रात्रीची ओल राहायला नको. ओला कापूस पाहून व्यापारी परत गेला तर? पाहा, किती दूरचा विचार! मग यंत्राच्या आवाजानं कान फुटतील म्हणून त्याच ढिगातले दोन बोळे घेतले अन् कानात कोंबले. तोंडाला पदर बांधला. पेटी पाठीवर घेतली. दोरी ओढली.

अगं बाई गं! यंत्र नव्हे, ट्रकच पाठीवर चढला. शेवंताकाकूंच्या कोंबड्या जागच्या उडाल्या. सगळ्या अंगणात पेट्रोलचा वास.

अन् तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. दादानं सांगितलेला कोपरा कोणता? जिथं चिऊचा पाळणा आहे तोच! माझ्या लेकरावर मी धूळ उडवू? छे! पाळणा उचलावा, हे सुचायला हवं होतं की नाही? नाही सुचलं. मी पाळण्याकडं पाठ केली अन् सोंड वळवली... घराकडं.

पानं काय मस्त उडाली म्हणून सांगू! दाताळ्यानं ओढलेला पाला जिथं ठेवाल तिथं बसतो. हा तसा नाही. हा निघाला की निघाला. गिरक्या घेत, वर चढत, अख्खं अंगण हवेत. मी आपली पुढं पुढं, लढाईवर निघाल्यासारखी.

समोर आत्याबाई दोन्ही हात वर करून हलवत होत्या. मला वाटलं, सासूबाई पहिल्यांदाच माझ्या कामावर खूश झाल्या. मी मान हलवून हसले अन् वारा वाढवला. मग त्या उड्या मारायला लागल्या. मी म्हणलं, पाहा, कमरेला किती बरं वाटतंय! कुंपणावरून शेवंताकाकूही हात नाचवत होत्या. मी त्यांनाही हात केला अन् वारा आणखी वाढवला.

शेवटी आत्याबाई धावत आल्या अन् माझा खांदा धरून गदागदा हलवला. मी यंत्र बंद केलं. अन् इतका वेळ त्या गोंगाटात निवांत झोपलेली चिऊ, शांतता झाल्याबरोबर दचकून रडायला लागली!

मी कानातले बोळे काढले.

"मायबाई, सपरीकडं पाह्य!" आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाजच बसला होता.

पाहिलं. आमचा दुधासारखा कापूस हळदीला बसला होता. वर पानं, आत पानं, भेगाभेगांत चुरा. वाऱ्यानं नुसता टाकला नव्हता, आतपर्यंत ठासला होता. अन् अंगण? अंगण चकाचक होतं हो! त्यात काही खोट काढायला जागा नव्हती.

मी तिथंच खाली बसले अन् रडायला लागले. उद्या गाडी परत जाणार. कापूस घरातच राहणार. चिऊचं अंग पुन्हा लाल. अन् हे सगळं कोणी केलं? तिच्या आईनं!

हे शेतातून आले. सपरीतल्या कापसातून एक पान काढलं, उलटंपालटं करून पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. बोलले.

"अंगण छान झालं."

बास. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

यांनी व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, पुढच्या मंगळवारी येतो, पण पत्ती दिसली तर तुमच्या दारात पुन्हा गाडी लागणार नाही. झालं. दुसऱ्या दिवसापासून मी, आत्याबाई अन् शेवंताकाकू, तिघी बसलो. कापसाचा एकेक पुंजका हातात घ्यायचा, पिंजायचा, पत्ती काढायची, बाजूला टाकायचा. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत.

शेवंताकाकू म्हणायच्या, "काय वं, वावरात एक डाव वेचला, आता घरात दुसरा डाव वेचून राह्यलो. तिसऱ्या डावाले कुठं जायचं तेही सांगून ठेव."

"काकू, चुकलं ना माझं."

"चुकलं कायले? गावातल्या बायाईले बसल्याजागी काम मिळून राह्यलं!"

बोटं सोलली, डोळे चुरचुरले, चिऊ शेजारच्या घरी झोपवायची. पण शेवटचा पुंजका निघेपर्यंत मी उठले नाही.

मंगळवारी गाडी आली. व्यापाऱ्यानं ढिगात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर कापूस काढला, उन्हात धरला. पुन्हा दुसरीकडून काढला. मी दारामागं, चिऊला कवटाळून.

"वा!" तो म्हणाला. "इतका साफ माल या हंगामात पाह्यला नाही. एक पत्ती नाही! कोणी येचला हो?"

"माह्या सुनेनं," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. "तिची पद्धतच तशी हाय, भाऊ. आधी एकेक पान मोजून कापसात घालते, अन् मंग मोजून काढते."

व्यापारी बिचारा भोळा. त्यानं अंगणातल्या कडुनिंबाकडं पाहिलं, खूप विचार केला अन् मला विचारलं, "ही नवीन पद्धत हाय का वो, ताई? कडुनिंबाच्या पाल्यानं कापूस साफ होते?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. हे, आत्याबाई, शेवंताकाकू, गाडीवरचे हमालसुद्धा.

अन् चिऊची शप्पथ, माझ्या तोंडून निघालं, "हाव. पण आठ दिवस मुरू द्यावा लागते."